हातातला झोत आणि काठावरचा दिवा



या आठवड्याच्या टपालात मोखाडा तालुक्यातून एक पत्र आलं. लिहिणारा तरुण शेतकरी आहे. जमीन डोंगरउतारावरची. पावसाळ्यात भात, नागली, वरई होते. दिवाळीनंतर धरणाच्या पाण्यात जाळी टाकून वरखर्चाचे चार पैसे मिळतात. तो लिहितो, "संध्याकाळी जाळं टाकतो आणि रात्री किंवा अगदी पहाटे काढायला जातो. मोबाईलच्या उजेडात धड काही दिसत नाही. बाजारात हातात धरायच्या, लांब झोत टाकणाऱ्या बॅटऱ्या आल्या आहेत. कुणी एक किलोमीटर सांगतो, कुणी दोन. त्यातली कोणती घ्यावी? घरचे रात्री पाण्यावर जाऊ देत नाहीत. चांगली बॅटरी घेतली तर जाऊ देतील."

पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. कारण शेवटच्या दोन वाक्यांपाशी अडलो. बॅटरी चांगली कशी ओळखावी हे सांगता येईल, आणि खाली ते सांगणारच आहे. पण बॅटरी चांगली आहे म्हणून घरच्यांनी निर्धास्त राहावं, हे मला लिहवेना. का लिहवेना, ते आधी सांगतो.

माझं आजोळ अशाच एका धरणाच्या पाण्याकाठी. गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. मार्गशीर्षातली, अमावास्येच्या आदली का दोन दिवस आधीची रात्र होती. मामांनी बाजारातून नवी बॅटरी आणली होती. चांगली हातभर लांब, चकचकीत, आणि झोत असा की समोरच्या डोंगरावरचं झाड उजळून निघावं. त्या कौतुकापोटीच आम्ही तिघे होडीत बसलो. मामा वल्ह्यावर, मी पुढे बॅटरी घेऊन आणि मधे मामांचा सात वर्षांचा मुलगा. "मला पण यायचंय" म्हणून तो रडला, आणि बॅटरी आहे म्हणून आम्ही त्याला घेतला.

जाळं पाण्याखालच्या एका खुंटात अडकलं होतं. ते सोडवायला मी वाकलो. हात ओले, त्यात थंडीनं बोटं आखडलेली. बॅटरी निसटली. ती विझली नाही, पेटलेलीच खाली गेली. हिरवट उजेडाचा ठिपका लहान लहान होत गेला आणि मग दिसेनासा झाला.

"मामा, बॅटरी गेली."

"हात नाही ना गेला? मग गप बस. हलू नको."

पोरगं रडायला लागलं. मामांनी वल्हं आत घेतलं. म्हणाले, "आधी डोळ्यांना अंधार कळू दे." थोड्या वेळानं पाणी आणि डोंगर यांतली रेघ दिसू लागली, पण चारी बाजूंचा काठ सारखाच. लांब एक उजेड दिसला. पाडा तोच समजून आम्ही तिकडे निघालो. ती कुणाचीतरी शेकोटी होती, आणि तीही पलीकडच्या काठावर. वाटेत होडी खुंटावर आदळली, फळी उकलली आणि पाणी आत येऊ लागलं. भाकरीचा डबा रिकामा करून मी पाणी उपसत होतो. पोराच्या अंगावर पाण्यात तरंगवेल असं काही नव्हतं. आमच्याही नव्हतं.

शेवटी मामांना एक बारीक पिवळा उजेड दिसला, आणि तो हलत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. उशीर झाला म्हणून मामी कंदील घेऊन काठावर आली होती आणि हात भरून येईपर्यंत तो हलवत उभी होती. त्या कंदिलाच्या रोखानं आम्ही घरी पोचलो. मामीनं पोराला पदराखाली घेतलं, एक शब्द बोलली नाही, आणि पुढे दोन दिवस मामांशी बोलली नाही.

मंडळी, आमची बॅटरी कमजोर नव्हती. उजेड भरपूर होता. चुकलं ते असं की ती तरंगणारी नव्हती, हाताला बांधलेली नव्हती, एकच होती, आणि ती आहे म्हणून आम्ही एरवी केलं नसतं ते केलं. म्हणून बॅटरी घेताना झोत किती लांब जातो, हा पहिला प्रश्न नव्हे. ती हातातून गेली तर आपण घरी कसे येणार, हा पहिला प्रश्न. तो मनात ठेवून आता खरेदीला निघू.

आपलं पाणी कसं आहे?

जव्हार-मोखाड्याच्या मुलखात वैतरणा, पिंजाळ, वाघ, लेंडी या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात, आणि उन्हाळ्यात त्याच मुलखातल्या बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. मोठं पाणी साठतं ते धरणांत. वैतरणेवर मोडकसागर १९५७ साली झाला, घाटावर अप्पर वैतरणा १९७३ साली झालं. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणेच्या धरणाचं लोकार्पण २०१४ साली झालं. त्याची उंची १०० मीटरहून जास्त आहे. हे पाणी मुंबईला जातं.

धरणाचं पाणी समुद्रासारखं भरती-ओहोटीनं हलत नाही, पण ते दिवाळीपासून जूनपर्यंत उतरत जातं. म्हणून मागच्या महिन्यात जिथून होडी बिनघोर गेली, तिथे या महिन्यात खडक वर आलेला असतो. बुडालेल्या झाडांचे खुंट, जुने बांध, काटेरी झुडपं, दुसऱ्यांची जाळी हे सगळं पाण्याच्या जरा वर किंवा जरा खाली असतं. आपल्याला झोत लागतो तो यासाठी. दोन किलोमीटरवरचा डोंगर पाहायला नाही.

आणखी एक गोष्ट. जलाशय कुणाच्या ताब्यात आहे, मासेमारीचा ठेका कोणत्या सहकारी संस्थेकडे आहे आणि रात्री होडी घालायला मुभा आहे का, हे आधी विचारून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर नियम कडक असतात. परवानगी नसेल तिथे चोरून जायला चांगली बॅटरी घेऊ नका.

किती लांबचं दिसायला हवं?

साधा हिशेब करू. वल्ह्याची होडी माणसाच्या चालीनं जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे १ मीटर. ५० मीटरवरचा खुंट नीट दिसला तर वळायला जवळजवळ पाऊण मिनिट मिळतं. तेवढं पुरे. तीच होडी यंत्रावर ताशी १५ किलोमीटरनं धावत असेल तर ५० मीटर १२ सेकंदांत संपतात. मग जास्त लांबचं दिसायला हवं, किंवा खरं म्हणजे रात्री यंत्र हळू चालवायला हवं.

आता खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा? बॅटरीचा पल्ला मोजायची एक रीत अमेरिकेत २००९ साली ठरली आणि पुष्कळ कारखानदार ती पाळतात. त्या रीतीप्रमाणे झोताचा उजेड जिथे पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका उरतो, तिथे पल्ला संपला असं धरतात. चांदण्यात माणूस उभा आहे एवढं कळतं, पण पाण्यातला काळा खुंट कळत नाही. म्हणून कागदावरचा पल्ला निम्मा धरावा. कागदावर २०० मीटर असेल तर कामाचे १०० मीटर. आपल्या वल्ह्याच्या होडीला कागदावरचे २०० ते ३०० मीटर भरपूर झाले.

खोक्यावर दोन शब्द दिसतील, ल्युमेन आणि कँडेला. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे तो उजेड एका दिशेला किती एकवटला आहे ते. पाटाचं तेच पाणी शेतभर पसरलं तर पाऊल भिजत नाही, आणि अरुंद चरातून सोडलं तर माती उकरतं. उजेडाचंही तसंच आहे. अंगणात जेवायला बसायचं तर ल्युमेन पाहा, पाण्यावर लांबचं पाहायचं तर कँडेला. १०,००० कँडेलाला कागदावरचा पल्ला २०० मीटर येतो. ४०० मीटरसाठी ४०,००० कँडेला लागतात. म्हणजे अंतर दुप्पट करायला उजेड चौपट लागतो, आणि उजेड चौपट म्हटल्यावर सेलही तसेच लवकर संपणार. लांब पल्ल्याच्या हौसेची किंमत ही अशी दोन ठिकाणी मोजावी लागते.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली भिंतीवर झोत पाडून काही कळत नाही. ओळखीच्या दुकानदाराकडून "रात्री पाहतो, नाही पटली तर बदलून घेतो" असं ठरवून आणा. अंधार पडल्यावर बांधावरून ६० पावलं मोजा, तिथे एक काळी घोंगडी टाका आणि ती दिसते का पाहा. घोंगडी दिसली तर खुंट दिसेल.

सेल किती वेळ पुरतील?

नव्या बॅटऱ्या पहिली काही मिनिटं झगमगतात आणि मग आपोआप मंद होतात, कारण पूर्ण उजेडात त्या तापतात. खोक्यावर "दहा तास" लिहिलेले असतात, पण वर सांगितलेल्या रीतीत उजेड दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणून घरी एकदा स्वतः मोजा. पूर्ण भरून संध्याकाळी सात वाजता लावा, दर अर्ध्या तासानं भिंतीवरचा उजेड पाहा आणि कामाचा उजेड किती वाजेपर्यंत टिकला ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून बॅटरीलाच चिकटवा. पाण्यावर त्याच्या निम्मा वेळच आपला आहे असं समजून निघा. उरलेला निम्मा परत येण्याचा.

सेल तीन तऱ्हेचे मिळतात.

साधे, वापरून टाकायचे सेल पाड्यावरच्या दुकानातही मिळतात. पावसाळ्यात चार चार दिवस वीज गेली तरी अडत नाही. मात्र बॅटरी वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. पाझरले की आतली पत्री खातात.

स्वस्तातल्या चार्जिंगच्या मोठ्या बॅटऱ्यांत शिशाचा सेल असतो. तो रिकामा ठेवला की मरतो. वापरून आल्यावर त्याच दिवशी भरायचा आणि वापर नसला तरी महिन्यातून एकदा भरायचा. पावसाळाभर फळीवर पडलेली बॅटरी दिवाळीला लागत नाही, ती बहुधा यामुळे.

लिथियमचा सेल हलका असतो, उजेड जास्त देतो आणि पुष्कळ दिवस भरलेला राहतो. तो ओला असताना भरू नका, उन्हात तापत ठेवू नका आणि फुगला असेल तर वापरू नका. यात फसवणूकही फार चालते. बोटाहून जरा जाड असा जो १८६५० क्रमांकाचा सेल मिळतो, त्यात साडेतीन ते चार हजार मिलिअँपिअर-तासांहून जास्त मावत नाही. त्यावर ९,९०० छापलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे हे नक्की. असा सेल आणि असा दुकानदार, दोन्ही टाळा.

पाण्यात पडली तर?

खोक्यावर आयपी अशी अक्षरं आणि पुढे आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा पाण्याचा. ४ असेल तर पाण्याचे शिंतोडे सोसेल. ७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. ८ असेल तर त्याहून जास्त. होडीसाठी ७ च्या खाली घेऊ नका. घरी आणल्यावर सेल काढा, झाकण घट्ट लावा आणि अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. पुसून उघडा. आत थेंबही दिसता कामा नये. झाकणाच्या आट्यांवर रबराची कडी असते. ती तुटली किंवा तिच्यात वाळूचा कण गेला की पाणी आत शिरतं.

टिकणं वेगळं आणि तरंगणं वेगळं. माझ्या मामांची बॅटरी टिकली की! बुडतानाही पेटलेली होती. म्हणून तीच बादली पुन्हा घ्या आणि सेल घालून बॅटरी पाण्यात सोडा. बुडाली तर सोपा उपाय आहे. अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली, बूच घट्ट लावून, हातभर मजबूत दोरीनं बॅटरीच्या कडीला बांधा. ती बाटली सुमारे अर्धा किलोचं ओझं पाण्यावर धरून ठेवते. बॅटरी त्याहून जड असेल तर १ लिटरची बाटली घ्या. शिवाय बॅटरीला मनगटात अडकवायचा फासा हवाच. तो गळ्यात घालू नका. कुठे अडकला तर गळ्यालाच फास बसेल.

बटण ओल्या हातानं, अंगठ्यानं, न बघता दाबता आलं पाहिजे. काही बॅटऱ्यांत विझवायच्या आधी लुकलुकणाऱ्या उजेडातून जावं लागतं. अंधारात तो लुकलुकाट डोळ्यांना आंधळं करतो. अशी घेऊ नका.

झोत कसा धरावा?

बॅटरी घेतली म्हणजे ती सारखी लावून ठेवायची असं नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि झोत एकदा डोळ्यांवर आला की ती कमाई क्षणात जाते. लागेल तेव्हा झोत टाका, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा, आणि विझवा.

होडीच्या आत, फळीवर किंवा पाठमोऱ्या माणसावर झोत पडू देऊ नका. तो उजेड आपल्याच डोळ्यांत येतो. हात होडीच्या कडेबाहेर काढून झोत टाका. थंडीत पहाटे पाण्यावर धुकं येतं तेव्हा बॅटरी डोळ्यांपासून दूर, कमरेच्याही खाली धरा. डोळ्यांजवळ धरली तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. धुकं दाट असेल तर कोणतीच बॅटरी कामाची नाही. अशा वेळी काठाशी थांबून उजाडायची वाट पाहावी हे उत्तम.

जाळ्याच्या तरंगत्या डब्यांवर, काठ्यांवर आणि होडीच्या दोन्ही टोकांना रेडियमची पट्टी चिकटवा. गाड्यांच्या मागे असते ती. तिला पाहायचं असेल तर मात्र बॅटरी डोळ्यांच्या शेजारी धरायची, कारण ती पट्टी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. एवढ्याशा पट्टीनं साध्या बॅटरीतही आपलं जाळं पुष्कळ लांबून चमकतं. झोताची ताकद विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

काठावरच्या जंगलात झोत फिरवत बसू नका. शिकारीला बंदी घालणारा वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ पासून आहे, आणि रात्री रानात फिरणारा झोत पाहून वनरक्षकाला संशय आला तर चूक त्याची नाही. झोतानं मासे गोळा करायचा विचारही नको. समुद्रात झगझगीत दिवे लावून मासे धरण्यावर केंद्र सरकारनं २०१७ साली बंदी घातली, कारण त्यानं लहान-मोठं सगळंच ओढलं जातं आणि पुढच्या वर्षाला काही उरत नाही.

आपण दिसतो का?

बॅटरी आपल्याला दिसावं म्हणून असते, तशी आपण दुसऱ्याला दिसावं म्हणूनही असते. समुद्रातल्या टकरी टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. मोठमोठ्या जहाजांसाठी केलेल्या त्या नियमांत वल्ह्याच्या होडीचाही विचार आहे. तिच्यावर कायमचे दिवे नसतील तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी तयार ठेवावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवावा, असं त्यात सांगितलं आहे. आपल्या धरणापर्यंत ते नियम पोचत नसले तरी शहाणपण पोचायला हरकत नाही. सेल वाचवायला काळोखात गुपचूप जाऊ नका. दुसरी होडी जवळ येते असं वाटलं की आपला उजेड दाखवा, पण तिच्या माणसाच्या तोंडावर नव्हे. आपल्याच वल्ह्यावर किंवा पाण्यावर झोत पाडा. त्याला तुम्ही दिसाल आणि त्याचे डोळेही शाबूत राहतील.

आता घरच्यांसाठी

हातातला झोत पुढचं दाखवतो. घर कुठे आहे ते दाखवत नाही. ते काठावरचा दिवा दाखवतो. म्हणून पत्र लिहिणाऱ्या भाऊंना आणि त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं असं. होडी लावायच्या जागी एक उंच बांबू रोवा. कुणी पाण्यावर गेलं की त्यावर कंदील किंवा सौरदिवा टांगा आणि माणूस परत येईपर्यंत उतरवू नका. आजूबाजूला इतर दिवे, शेकोट्या असतील तर आपला ओळखू यावा म्हणून एकाखाली एक असे दोन दिवे टांगा. जाताना परत यायची वेळ सांगून जायची. वेळ टळली तर घरच्यांनी काठावर येऊन बॅटरी तीनदा लावायची आणि विझवायची. पाण्यावरच्यानं तसंच तीनदा उत्तर द्यायचं. डोंगरात फोनला रेंज मिळेलच असं नाही, पण हा निरोप पोचतो. उत्तर आलं नाही तर शेजाऱ्यांना उठवायचं, आणि रेंज मिळेल तिथून ११२ ला फोन करायचा.

रात्र निवडताना पंचांगाचा उपयोग करा. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या घरात हे सांगायला नको. त्या दिवशी चंद्र साधारण नऊच्या सुमाराला उगवतो आणि पुढे रोज पाऊणएक तास उशिरा. पौर्णिमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या चार-पाच रात्री पाण्यावर जा. अमावास्येला जाळं संध्याकाळी टाकून उजाडल्यावर काढलं तर दोन-चार मासे कमी मिळतील, एवढंच.

तर मग काय घ्यावं?

भाऊ, तुमच्या खिशात जेवढे पैसे आहेत त्यांचे चार वाटे करा. पहिला वाटा लाइफ जॅकेटचा, होडीत जेवढी माणसं तेवढी जॅकेटं. पोरांना रात्री पाण्यावर न्यायचंच नाही. दुसरा वाटा झोताच्या बॅटरीचा. २०० ते ३०० मीटर पल्ला, पाण्याचा आकडा ७, साधं बटण, मनगटाचा फासा आणि बाटली बांधलेली. तिसरा वाटा डोक्याला बांधायच्या लहान बॅटरीचा. जाळं सोडवताना दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मोठी गेली तर घरी आणायला ही असते. भातावर राखणीला बसायला, रात्री पाणी पाजताना पायाखाली पाहायला आणि पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडायलाही हीच जास्त उपयोगी पडेल. चौथा वाटा काठावरच्या दिव्याचा आणि रेडियमच्या पट्टीचा. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवा. तो फोनसाठी, उजेडासाठी नव्हे.

चार वाटे करून झोताच्या बॅटरीला कमी पैसे उरले तर कमी पल्ल्याची घ्या. काही बिघडत नाही. पण जॅकेटाचे पैसे काढून बॅटरीत घालू नका.

घरचे जाऊ देत नाहीत म्हणून रुसू नका. ही यादी त्यांच्यासमोर वाचून दाखवा. बांबू कुठे रोवायचा, दिवा कुणी लावायचा, किती वाजेपर्यंत वाट पाहायची, हे त्यांनाच ठरवू द्या. एवढं सगळं करूनही एखाद्या रात्री ते "आज नको" म्हणाले, तर त्या रात्री जाऊ नका. काठावर उभं राहून वाट पाहणाऱ्याला पाण्यावरच्यापेक्षा अंधार जास्त दिसत असतो. माझ्या मामीनं आम्हाला हे सांगितलं नाही, पण पुढे आजोळी कुणीही पाण्यावर गेलं की कंदील तिनंच टांगला आणि तिनंच उतरवला.

बांबू रोवलात की कळवा. तुमच्याकडे याहून सोपी युक्ती असेल तर तीही लिहा. पुढच्या वेळी इतरांना सांगू.